बँकांच्या कार्यक्षमतेतील बदल मोजताना: डेटा जुळवण्यापासून निकाल मांडण्यापर्यंत

एका बँकेचा कार्यक्षमता-गुण पहिल्या वर्षी ०.८० होता, दुसऱ्या वर्षी ०.७५ झाला. प्रकल्प अहवालात लगेच वाक्य पडते: "बँकेची कार्यक्षमता घटली, कामगिरी खालावली." यातला पहिला भाग अर्धवट आहे आणि दुसरा अनेकदा चुकीचा. डेटा एनव्हेलपमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे डीईए, प्रत्येक बँकेला गुण देते ते त्या वर्षीच्या सर्वोत्तम बँकांच्या तुलनेत. पुढच्या वर्षी त्या सर्वोत्तम बँकाच पुढे गेल्या असतील, तर आपली बँक सुधारूनही तिचा गुण उतरतो. मोजपट्टीच सरकलेली असते.

म्हणून वर्षवार गुण एका तक्त्यात मांडून त्यावर रेघ ओढणे म्हणजे काळानुरूप बदल मोजणे नव्हे. बँक किती हलली आणि मोजपट्टी किती हलली, हे वेगळे करावे लागते. त्यासाठी सर्वाधिक वापरात असलेले साधन म्हणजे माल्मक्विस्ट निर्देशांक. या लेखात तो काढण्याचा क्रम दिला आहे. डीईएची तोंडओळख आहे असे गृहीत धरले आहे. सूत्रांपेक्षा तयारीवर भर जास्त आहे, कारण बहुतेक चुका प्रोग्राम चालवण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

## १. आधी प्रश्न नेमका करा

"कार्यक्षमता बदलली का?" या एका वाक्यात तीन प्रश्न दडलेले असतात.

पहिला: तेवढ्याच साधनांत बँक आता जास्त काम करते का? हा उत्पादकतेचा प्रश्न आहे. दुसरा: सर्वोत्तम बँकांपासूनचे तिचे अंतर कमी झाले की वाढले? हा कार्यक्षमता-बदल. तिसरा: सर्वोत्तम बँकांची सीमाच पुढे गेली की मागे आली? याला तंत्रबदल म्हणतात. माल्मक्विस्ट निर्देशांक पहिल्याचे उत्तर देतो आणि त्याची दुसऱ्या व तिसऱ्यात फोड करतो:

उत्पादकता-बदल = कार्यक्षमता-बदल × तंत्रबदल

तीन बँकांचे लहान उदाहरण घेऊ. इनपुट एकच, स्थिर किमतीतला परिचालन खर्च. आउटपुट एकच, कर्जे. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

| बँक | वर्ष १: खर्च, कर्जे | गुण | वर्ष २: खर्च, कर्जे | गुण |
|---|---|---|---|---|
| क | १०, ५० | १.०० | १०, ६० | १.०० |
| ख | २०, ८० | ०.८० | २०, ९० | ०.७५ |
| ग | २५, ७५ | ०.६० | २५, १०५ | ०.७० |

बँक 'क' दोन्ही वर्षे सर्वोत्तम आहे. खर्चाच्या एका एककामागे तिची कर्जे ५ वरून ६ झाली, म्हणजे सीमा १.२० पट पुढे गेली. 'ख'चे हेच प्रमाण ४ वरून ४.५ झाले, म्हणजे उत्पादकता १.१२५ पट झाली, १२.५ टक्के वाढ. तरीही तिचा गुण उतरला, कारण सीमा तिच्यापेक्षा वेगाने सरकली. तिचा कार्यक्षमता-बदल ०.७५ ÷ ०.८० = ०.९३७५, आणि ०.९३७५ × १.२० = १.१२५. 'ग' तळाशीच आहे, पण तिची उत्पादकता १.४० पट झाली. त्यातले १.२० सीमेमुळे आणि साधारण १.१७ अंतर कमी केल्यामुळे.

तपासणी: हे उदाहरण कागदावर एकदा स्वतः सोडवा. 'ख' सुधारली आणि मागेही पडली, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी का, हे कुणाला समजावून सांगता येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

खर्चाचे उत्पन्नाशी गुणोत्तर पाहून हेच काम भागेल असे वाटू शकते. वार्षिक अहवालात ते तयारही मिळते. पण व्याजदर वाढले आणि उत्पन्न फुगले की कामकाजात काडीचाही बदल न होता हे गुणोत्तर सुधारते. पडताळणीसाठी ते जवळ ठेवा, निष्कर्ष त्यावर उभा करू नका.

## २. बँक नेमके काय तयार करते, हे ठरवा

कारखान्याच्या बाबतीत हा प्रश्न पडत नाही, बँकेच्या बाबतीत सगळा वाद इथेच आहे. दोन दृष्टिकोन प्रचलित आहेत.

मध्यस्थीचा दृष्टिकोन: बँक ठेवी गोळा करते आणि त्यांचे कर्जात व गुंतवणुकीत रूपांतर करते. इनपुट म्हणजे ठेवी किंवा एकूण उसनवारी, कर्मचारी, स्थावर साधने. आउटपुट म्हणजे कर्जे, गुंतवणूक आणि शुल्कापासूनचे उत्पन्न. संपूर्ण बँकांची तुलना करायची असेल तर सहसा हाच घ्यावा.

उत्पादनाचा दृष्टिकोन: बँक सेवा तयार करते. खाती, व्यवहार, कर्ज-अर्ज यांची संख्या हे आउटपुट. कर्मचारी, जागा, यंत्रणा हे इनपुट. ठेवी इथे आउटपुटकडे जातात. एकाच बँकेच्या शाखांची तुलना करताना हा जास्त उपयोगी, कारण निधी कुठून आणायचा हे शाखा ठरवत नाही.

ठेवी कुठे ठेवायच्या यावर एकमत नाही आणि होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. एक बाजू निवडा, कारण लिहा, आणि शेवटी ठेवी दुसऱ्या बाजूला ठेवून संपूर्ण गणित पुन्हा करा. बँकांचा क्रम आणि बदलाची दिशा टिकली तर निकाल भक्कम. नाही टिकली तर तेही अहवालात यायला हवे.

नेहमी दिसणाऱ्या चुका अशा:

- ठेवी आणि ठेवींवरील व्याज दोन्ही इनपुटमध्ये. एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.
- कर्जे आणि कर्जांवरील व्याज दोन्ही आउटपुटमध्ये. तोच दोष उलट बाजूने.
- निव्वळ नफा हे आउटपुट. नफ्यात कर, तरतुदी आणि एकरकमी विक्रीचे लाभ मिसळलेले असतात, शिवाय तो उणे होऊ शकतो.

व्याजाचे उत्पन्न आउटपुट म्हणून घेण्याबद्दल थोडे सविस्तर. युरो क्षेत्राच्या मध्यवर्ती बँकेचा ठेव-सुविधा दर जून २०१४ ते जुलै २०२२ उणे होता, त्यानंतर तो झपाट्याने वाढला. या काळातील युरोपीय बँकांचे व्याज-उत्पन्न आउटपुट मानले, तर २०२२ नंतर 'उत्पादकता' उसळलेली दिसेल. ती बँकांची करामत नाही, दरांची आहे. माझे मत असे की काळानुरूप तुलनेत शिल्लक रकमा, म्हणजे कर्जे व गुंतवणूक, हेच आउटपुट घ्यावे. व्याज-उत्पन्नाचे प्रारूप फारतर जोडीला.

## ३. डेटा जुळवा, आणि याच क्रमाने

डेटा शुद्ध करण्याच्या कामांची यादी सगळेच करतात, क्रम मात्र कुणी पाळत नाही. क्रम चुकला की बरोबर केलेले कामही बिघडते. पुढील पाच कामे याच ओळीने करा.

### ३.१ विलीनीकरणे

दोन बँका मधल्या वर्षी एक झाल्या, तर त्या वर्षी जिवंत राहिलेल्या बँकेची कर्जे आणि कर्मचारी एकदम वाढतात. तीन मार्ग आहेत: मागच्या सर्व वर्षांसाठी दोन्ही बँकांचे आकडे जोडून एकच बँक धरणे, विलीनीकरणानंतरची बँक नवी मानणे, किंवा दोन्ही वगळणे. पहिला मार्ग सोयीचा, कारण मालिका अखंड राहते. पण विलीनीकरणाआधीचा वेगवेगळा इतिहास त्यात पुसला जातो. विलीनीकरणाचा परिणाम हाच तुमचा प्रश्न असेल तर दुसरा मार्ग घ्या.

वगळण्याचा मार्ग सर्वांत धोकादायक. ज्या बँका दुसऱ्यांनी गिळल्या किंवा बंद पडल्या त्या बहुधा दुबळ्या असतात. सगळी वर्षे हजर असलेल्याच बँका घेतल्या तर उरतात त्या तगलेल्या, आणि क्षेत्राचे चित्र गोड दिसते. किती बँका वगळल्या आणि त्यांचा एकूण मालमत्तेतला वाटा किती होता, हे लिहून ठेवा.

### ३.२ हिशेबाच्या नियमांतले बदल

याकडे फार कमी लोक लक्ष देतात. आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवालमानके) मालिकेतले १६ क्रमांकाचे, भाडेकरारांचे लेखामानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झाले. त्याआधी भाड्याच्या शाखांचे भाडे परिचालन खर्चात जात असे. त्यानंतर भाडेकराराचा वापरहक्क मालमत्ता म्हणून ताळेबंदात येतो, आणि खर्च घसारा व व्याज अशा दोन रूपांत विभागला जातो. आता पाहा: स्थावर मालमत्ता हे तुमचे इनपुट असेल, तर २०१९ मध्ये ते एकदम वाढलेले दिसेल आणि बँक अकार्यक्षम ठरेल. 'इतर परिचालन खर्च' हे इनपुट असेल, तर ते घटलेले दिसेल आणि बँक सुधारलेली ठरेल. प्रत्यक्षात शाखा तीच, जागा तीच.

तसेच आयएफआरएस ९ चे. १ जानेवारी २०१८ पासून तोटा झाल्यावर तरतूद करण्याऐवजी अपेक्षित तोट्याची तरतूद आधीच करणे सुरू झाले. संक्रमणाच्या दिवसाचा फरक थेट आरंभीच्या राखीव नफ्यात घेतला गेला. भागभांडवल व राखीव निधी हे इनपुट असेल तर तिथेही खाच पडते.

उपाय तीन: नियमबदलाच्या वर्षी बँकेने दिलेले पुनर्मांडित आकडे वापरा; ते नसतील तर टिपांमधून फरकाची रक्कम काढून मालिका जुळवा; तेही शक्य नसेल तर त्या एका संक्रमणाचा निर्देशांक निष्कर्षातून बाजूला ठेवा. ज्या देशात ही मानके वेगळ्या तारखेला किंवा वेगळ्या रूपात लागू झाली, किंवा झालीच नाहीत, तिथे त्या देशाच्या तारखा शोधा.

### ३.३ थकीत कर्जे

सगळी कर्जे सारखी आउटपुट मानली, तर बेफिकिरीने कर्जे वाटणारी बँक तेजीच्या वर्षात सर्वोत्तम ठरते. तीच सीमा आखते आणि सावध बँका तिच्यामुळे अकार्यक्षम दिसतात. दोन-तीन वर्षांनी कर्जे थकतात, सीमा कोसळते, आणि अहवालात "तंत्राची पीछेहाट" अशी नोंद होते.

किमान एवढे करा: एकूण कर्जांतून तरतुदी किंवा थकीत कर्जे वजा करून निव्वळ चांगली कर्जे आउटपुट घ्या. पुढची पायरी म्हणजे थकीत कर्जांना 'नको असलेले आउटपुट' मानणारा माल्मक्विस्ट–ल्यूएनबर्गर निर्देशांक. त्यात चांगली कर्जे वाढवणे आणि थकीत घटवणे या दोन्हींचे श्रेय मिळते. थकीत कर्जे इनपुटमध्ये टाकण्याची युक्ती बरेच जण वापरतात. ती गणिताला चालते, पण तिचा अर्थ लावणे अवघड जाते.

### ३.४ महागाई

पैशातले सर्व आकडे एका पायाभूत वर्षाच्या किमतीत आणा. इथे समजून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. सर्व इनपुट आणि आउटपुट पैशातच असतील, सगळ्यांना एकच किंमत-निर्देशांक लावला असेल आणि प्रारूप स्थिर प्रतिफलाचे (साधने दुप्पट केली की आउटपुटही दुप्पट, असे मानणारे) असेल, तर महागाई काढली काय अन् न काढली काय, माल्मक्विस्टचे उत्तर तेच येते. वरखाली दोन्हीकडे तोच गुणक असल्याने तो कटतो. म्हणून काहींना वाटते की हा टप्पा वगळता येतो. पण एक इनपुट जरी कर्मचारी-संख्या किंवा शाखा-संख्या असले, तरी हे गणित मोडते. महागाई ८ टक्के असेल, कर्जे केवळ तेवढीच वाढली असतील आणि कर्मचारी तेवढेच असतील, तर 'कर्जे प्रति कर्मचारी' दरवर्षी १.०८ पट होईल. ही खोटी प्रगती आहे, आणि ती तंत्रबदलाच्या रकान्यात जाऊन बसेल.

### ३.५ शिल्लक आणि प्रवाह

कर्जे व ठेवी या वर्षअखेरच्या शिल्लक रकमा असतात, खर्च हा वर्षभराचा प्रवाह. वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा आकडा सजवलेला असू शकतो. म्हणून आरंभीच्या व अखेरच्या शिलकीची सरासरी घ्या, तिमाही आकडे मिळाले तर त्यांची. सरासरी काढण्याआधी प्रत्येक शिल्लक तिच्या-तिच्या तारखेच्या किंमतपातळीने स्थिर किमतीत आणलेली असावी. महागाई जास्त असलेल्या देशांत याने फरक पडतो. विलीनीकरणही आधीच जुळवलेले असावे, नाहीतर आरंभीची शिल्लक एका बँकेची आणि अखेरची दोघींची असा घोळ होतो. काम पाचव्या क्रमांकावर का, हे आता लक्षात येईल.

सावधान: शून्य किंवा उणे आकडे आले म्हणून सगळ्या रकान्यात एक मोठी संख्या मिळवू नका. स्थिर प्रतिफलाच्या प्रारूपात अशी बेरीज गुण बदलते. त्याऐवजी तो चल (इनपुट किंवा आउटपुट म्हणून घेतलेला आकडा) बदला. निव्वळ शुल्क-उत्पन्न उणे येत असेल, तर एकूण शुल्क-उत्पन्न घ्या.

## ४. बँकांचा संच आणि चलांची संख्या

चल वाढवत गेलात की हळूहळू प्रत्येक बँक कुठल्या ना कुठल्या कोनातून सर्वोत्तम ठरते, आणि मोजण्यासारखे काही उरत नाही. ढोबळ नियम असा: बँकांची संख्या ही इनपुट-आउटपुटच्या गुणाकाराएवढी तरी असावी आणि त्यांच्या बेरजेच्या तिप्पट तरी असावी, यांपैकी जे मोठे ते. ३ इनपुट आणि २ आउटपुट असतील तर गुणाकार ६, बेरजेची तिप्पट १५; म्हणजे किमान १५ बँका. ही अट प्रत्येक वर्षाला स्वतंत्रपणे लागू आहे. १० बँकांची ८ वर्षे म्हणजे ८० निरीक्षणे हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण प्रत्येक वर्षाची सीमा त्या वर्षीच्या बँकांवरूनच आखली जाते.

संच एकजिनसी हवा. किरकोळ ग्राहकांची बँक आणि मोजक्या कर्मचाऱ्यांवर चालणारी घाऊक कर्जांची संस्था एका सीमेत बसवली, तर दुसरीच सीमा आखेल.

टोकाची बँक शोधण्यासाठी सोपा उपाय: कोणती बँक किती जणांची संदर्भ-बँक (जिच्याशी तुलना करून गुण ठरतो ती) आहे ते मोजा. एखादी बँक निम्म्याहून अधिक बँकांचा संदर्भ असेल तर तिला काढून गणित पुन्हा करा. सरासरी तंत्रबदल १.०६ वरून ०.९९ वर आला, तर तुम्ही क्षेत्राची प्रगती मोजत नव्हता, एका बँकेचे वर्ष मोजत होता. आधी तिच्या आकड्यांत नोंदीची चूक, एककाची चूक (हजार की लाख), किंवा न जुळवलेले विलीनीकरण आहे का ते पाहा. आकडे खरे असतील तर ती ठेवा, पण दोन्ही निकाल द्या.

## ५. प्रोग्राम चालवा, पण आधी त्याची परीक्षा घ्या

प्रत्येक बँकेसाठी चार अंतरे लागतात: या वर्षीची बँक या वर्षीच्या सीमेशी, पुढच्या वर्षीची बँक पुढच्या सीमेशी, आणि दोन तिरकी, म्हणजे या वर्षीची पुढच्या सीमेशी व पुढच्या वर्षीची या सीमेशी. दोन सीमांपैकी कोणती प्रमाण मानायची याचा निवाडा नको म्हणून दोन्हींनी काढलेल्या बदलांची भूमितीय सरासरी घेतात. तोच माल्मक्विस्ट निर्देशांक. तिरक्या तुलनेत गुण १ च्या वर जाऊ शकतो. ती चूक नाही.

बँका आणि वर्षे वाढली की रेषीय गणितांची संख्या वाढते: बँका × (३ × वर्षे − २). २० बँका, १० वर्षे म्हणजे ५६०. हे हाताने नको. डीईएपी हा जुना मोफत प्रोग्राम किंवा 'आर' या संख्याशास्त्रीय प्रोग्रामिंग भाषेतली 'बेंचमार्किंग' ही लायब्ररी पुरेशी आहे. डीईएपीत फाइलचा क्रम पक्का असतो: रकाने आधी आउटपुटचे, मग इनपुटचे, ओळी आधी पहिल्या वर्षाच्या सर्व बँकांच्या, मग दुसऱ्या वर्षाच्या, आणि प्रत्येक वर्षी बँकांचा क्रम तोच. एक्सेलमध्ये आपण सहसा बँकेनुसार मांडतो. तीच फाइल तशीच दिली तर प्रोग्राम तक्रार न करता चुकीचे उत्तर देतो.

तीन चाचण्या, खरा डेटा देण्याआधी:

१. पहिल्या वर्षाचेच आकडे दुसऱ्या वर्षी जसेच्या तसे ठेवा. सर्व निर्देशांक १ आले पाहिजेत.

२. दुसऱ्या वर्षी सर्व बँकांचे सर्व आउटपुट १० टक्क्यांनी वाढवा. तंत्रबदल १.१०, कार्यक्षमता-बदल १ आला पाहिजे. ०.९०९ आला, तर तुमचा प्रोग्राम उलटा वाचतो; त्याच्या भाषेत १ पेक्षा कमी म्हणजे सुधारणा. ही गफलत इनपुट-अंगाने मोजताना हमखास होते.

३. फक्त एका अकार्यक्षम बँकेचे सर्व आउटपुट १० टक्क्यांनी वाढवा, पण इतके नव्हे की ती सीमेवर पोहोचेल. तिचा कार्यक्षमता-बदल १.१० आणि तंत्रबदल १ यावा.

स्थिर की बदलते प्रतिफल (आकारानुसार साधने-आउटपुटचे प्रमाण बदलू शकते असे मानणारे)? बँकांचा आकार सारखा नसतो म्हणून बदलते प्रतिफल घ्यावे, हा सल्ला एका वर्षाच्या गुणांसाठी ठीक आहे. मूळ निर्देशांकासाठी मात्र स्थिर प्रतिफलाची सीमा वापरा. बदलत्या प्रतिफलाच्या सीमेवर काढलेला माल्मक्विस्ट आकारमानाचा परिणाम धरत नाही, त्यामुळे उत्पादकतेतला बदल नीट मोजत नाही. शिवाय तिरक्या तुलनेत काही बँकांना उत्तरच मिळत नाही. अशा रिकाम्या जागांना १ किंवा ० समजून सरासरी काढू नका.

कार्यक्षमता-बदलाची पुढे 'शुद्ध कार्यक्षमता' आणि 'आकारमान' अशी फोड प्रोग्राम आपोआप देतात. ती वापरण्यात गैर नाही, पण १९९७ मध्ये रे आणि देसली यांनी तिच्यावर घेतलेला आक्षेप गंभीर आहे: एकाच फोडीत तंत्रबदल स्थिर प्रतिफलाच्या सीमेने मोजायचा आणि शुद्ध कार्यक्षमता बदलत्या, हे सुसंगत नाही. आकारमान हा तुमचा प्रश्नच नसेल तर दोन भागांवर थांबा.

## ६. निकाल वाचा

डीईएपीच्या तक्त्यात पाच रकाने येतात: कार्यक्षमता-बदल, तंत्रबदल, शुद्ध कार्यक्षमता-बदल, आकारमान-बदल आणि एकूण उत्पादकता-बदल. सुरुवात शेवटच्या रकान्यापासून करा, मग मागे या.

तंत्रबदल १ पेक्षा जास्त म्हणजे त्या बँकेने नवे तंत्र आणले, असा अर्थ घेऊ नका. तो आकडा सांगतो की तिच्या साधनांच्या मिश्रणाजवळ सीमा पुढे गेली. ती कुणी नेली? सीमा पुढे नेणाऱ्या बँकेला तीन अटी पुऱ्या कराव्या लागतात: तंत्रबदल १ पेक्षा जास्त, तिचे पुढच्या वर्षीचे आकडे जुन्या सीमेच्या पलीकडे, आणि नव्या वर्षी ती स्वतः नव्या सीमेवर. वरच्या उदाहरणात तिघींचाही तंत्रबदल १.२० आहे. पण जुन्या सीमेशी ताडले तर 'क'चा गुण ६ ÷ ५ = १.२०, 'ख'चा ०.९० आणि 'ग'चा ०.८४. सीमा फक्त 'क'ने हलवली.

तंत्रबदल १ च्या खाली आला तर "बँका तंत्र विसरल्या" असा अर्थ नसतो. मंदीत कर्जाची मागणी आटते, कर्मचारी आणि शाखा मात्र तशाच राहतात. भांडवलाचे नियम कडक झाले तरी तेच दिसते. २०२० मध्ये महामारीच्या काळात अनेक देशांत सरकारी हमीची कर्जे आणि हप्त्यांना स्थगिती होती. तिथे कर्जे फुगली, थकीत आकडा लपला आणि उत्पादकता वाढलेली दिसली. त्या वर्षाच्या आकड्यापुढे हे स्पष्टीकरण असायलाच हवे.

तपासणी: प्रत्येक वर्षासाठी सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान निर्देशांकाच्या तीन-तीन बँका काढा आणि त्यांचे मूळ वार्षिक अहवाल उघडा. १.४० किंवा ०.६५ असा आकडा एका वर्षात आला असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा विलीनीकरण, विभागाची विक्री किंवा नोंदीची चूक सापडते.

## ७. सरासरी आणि साखळी

निर्देशांक हे गुणक आहेत, त्यामुळे सरासरी भूमितीयच. एका वर्षी १.२५ आणि पुढच्या वर्षी ०.८० आले, तर बँक होती तिथेच परत आली, १.२५ × ०.८० = १. अंकगणिती सरासरी १.०२५ येते आणि अडीच टक्के वाढ दाखवते, जी झालेलीच नाही.

१० वर्षांच्या डेटातून ९ निर्देशांक निघतात. '२०१९' या ओळीतला आकडा २०१८ ते २०१९ या संक्रमणाचा असतो. आलेखाच्या अक्षावर तसेच लिहा. ९ संक्रमणांचा गुणाकार १.६० आला, तर वार्षिक वाढ म्हणजे १.६० चे नववे मूळ, सुमारे १.०५४, म्हणजे ५.४ टक्के. ६० ला ९ ने किंवा १० ने भागू नका.

लगतच्या वर्षांचे निर्देशांक गुणून आलेले उत्तर आणि पहिल्या व शेवटच्या वर्षाची थेट तुलना करून आलेले उत्तर जुळेलच असे नाही. एक इनपुट, एक आउटपुट आणि स्थिर प्रतिफल असेल तर ते जुळते, म्हणून लहान उदाहरणात हा दोष दिसत नाही. खऱ्या डेटात दिसतो. फरक मोठा असेल तर जागतिक माल्मक्विस्ट वापरा. त्यात सर्व वर्षांचा डेटा एकत्र करून एकच समाईक सीमा आखतात, त्यामुळे साखळी जुळते.

क्षेत्राची सरासरी देताना साधी आणि मालमत्तेच्या वाट्याने भारित, दोन्ही द्या. छोट्या पंधरा बँका सुधारल्या आणि मोठ्या दोन घसरल्या, तर या दोन सरासऱ्या उलट दिशा दाखवतात, आणि ग्राहकांचा बहुतेक पैसा त्या दोघींकडे असतो.

## ८. आकडा १ पेक्षा खरोखर वेगळा आहे का?

१.०१३ ही वाढ आहे की नमुन्याचा खेळ? डीईए स्वतः याचे उत्तर देत नाही. त्यासाठी सिमार आणि विल्सन यांनी १९९९ मध्ये मांडलेली बूटस्ट्रॅप (डेटातून पुन्हापुन्हा नमुने काढून अनिश्चितता मोजण्याची) पद्धत वापरतात. 'आर'मधली 'फिअर' ही लायब्ररी ती पुरवते. २००० पुनरावृत्ती हा रूढ आकडा. प्रत्येक निर्देशांकाला विश्वासमर्यादा (खरे मूल्य बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो पट्टा) मिळते, आणि त्या मर्यादेत १ येत असेल तर "बदल सिद्ध होत नाही" असे लिहायचे.

सावधान: गुणांच्या यादीतून नुसते पुन्हापुन्हा नमुने उचलणे, हा साधा बूटस्ट्रॅप इथे चुकीचा आहे. गुण १ वर येऊन अडकतात, आणि एकाच बँकेची दोन वर्षे परस्परांशी बांधलेली असतात. पद्धतीने या दोन्हींची दखल घेतलेली हवी.

## ९. कारणे शोधायची असतील तर

निर्देशांकाची मालकी, आकार, शाखाजाळे यांच्याशी सांगड घालण्यासाठी बरेच जण थेट टोबिट (मर्यादेवर अडकलेल्या आकड्यांसाठीचे प्रतिगमन) लावतात. डीईएचे गुण एकमेकांवर अवलंबून असतात, कारण सगळे एकाच सीमेवरून निघतात. त्यामुळे तिथल्या प्रमाणत्रुटी विश्वासार्ह नसतात. सिमार–विल्सन यांची २००७ ची छाटलेल्या वितरणाची बूटस्ट्रॅप पद्धत या कामासाठी आहे.

डेटात गोंगाट फार असेल तर डीईएऐवजी स्टोकॅस्टिक फ्रंटियर (गोंगाट आणि अकार्यक्षमता वेगळे करणारी सांख्यिकी पद्धत) घेता येते. फक्त बॅटीस आणि कोएली यांचे १९९२ चे प्रारूप काळजीपूर्वक वापरा. त्यात सर्व बँकांची अकार्यक्षमता एकाच दिशेने, एकाच दराने बदलते असे गृहीत आहे. एक सुधारली आणि दुसरी घसरली, हे त्यात दिसूच शकत नाही.

## १०. अहवालात काय लिहायचे

इनपुट-आउटपुटची व्याख्या, ठेवी कोणत्या बाजूला व का, किंमत-निर्देशांक कोणता, विलीनीकरणे कशी हाताळली, किती बँका गळाल्या, प्रतिफलाचे गृहीतक, निर्देशांक १ पेक्षा जास्त म्हणजे सुधारणा की उलट: एवढे निकालाच्या आधी यावे. निकालात उत्पादकता-बदल आणि त्याचे दोन्ही भाग एकाच तक्त्यात द्या. फक्त वर्षवार गुण द्यायचेच असतील, तर खाली स्पष्ट लिहा की वेगवेगळ्या वर्षांचे गुण परस्परांशी ताडण्यासाठी नाहीत.

डेटाची मूळ प्रत, जुळवलेली प्रत आणि जुळवणीची नोंदवही वेगवेगळ्या ठेवा. पुढच्या वर्षीचे आकडे आले की लगतच्या वर्षांचे जुने निर्देशांक बदलत नाहीत, जोवर एखाद्या बँकेने मागचे आकडे पुन्हा मांडलेले नाहीत. जागतिक माल्मक्विस्ट वापरला असेल तर नवे वर्ष जोडताच समाईक सीमा बदलू शकते आणि तिच्याबरोबर मागची सगळी वर्षेही. अशा वेळी जुन्या अहवालातल्या तक्त्याखाली नवी ओळ चिकटवू नका. पूर्ण मालिका नव्याने काढा आणि ती कोणत्या वर्षापर्यंतच्या डेटावर आधारित आहे ते तक्त्याच्या शीर्षकातच लिहा.